फेट्याखालचा चेहरा

"दादा, समोरची भिंत तेवढी मोजून सांग," फोनवरून शैला म्हणाली. "पंचावन्न इंची बसेल ना?"

"भिंतीवर बसेल की. आम्ही कुठं बसायचं ते सांग," मी म्हणालो. "घरात टीव्ही ठेवायचा आणि अंगणातून बघायचा, असं काही आहे का?"

फोन स्पीकरवर होता. मंदा, माझी बायको, शिवणाच्या डब्यातली टेप घेऊन भिंतीजवळ पोचलीसुद्धा होती. आई खाटेवर उशांना टेकून बसली होती. चैत्रात न्हाणीत पाय घसरला आणि खुब्याचं हाड मोडलं, तेव्हापासून तिचं सगळं जग त्या खाटेवर आलं होतं. त्यामुळेच वैशाखात शैलाच्या मुलीचं, केतकीचं लग्न झालं तेव्हा आई पुण्याला जाऊ शकली नाही. आईजवळ कुणीतरी हवं म्हणून मंदाही राहिली. बार्शीहून लग्नाला गेलो तो मी एकटा. नवरीचा मामा.

"आईला नातीचं लग्न बघता आलं नाही ना, म्हणून म्हणते," शैला म्हणाली. "शूटिंगचा पेन ड्राइव्ह आलाय आता. इतकं सुंदर केलंय दादा, तिथं बसल्यासारखं वाटतं. तुमच्या त्या डबड्यावर काय दिसणार? टीव्ही माझ्याकडून. आईसाठी."

"डबडं म्हणू नकोस. आप्पांनी घेतलेला टीव्ही आहे. आणि आईला सीरियल बघायची असते. त्यातली सासू मोठ्या पडद्यावर कमी छळते का?"

मंदा हसली. शैलाही हसली. आई मात्र हसली नाही. टीव्ही हवा असंही ती म्हणाली नाही, नको असंही नाही. पांघरुणाचा काठ बोटात घेऊन ती नुसती चाळवत राहिली. मला वाटलं, लेकीकडून एवढी मोठी वस्तू घ्यायचा तिला संकोच वाटत असेल. मी लगेच त्याचा फायदा घेतला. "आईलाही नकोय," असं सांगून फोन ठेवला.

मंदा पिच्छा सोडणारी नव्हती. दुसऱ्या दिवशी तिनं मला अत्तारशेठच्या दुकानात नेलं. अत्तारशेठ आमच्या स्टँडजवळचा. मी एसटीत वाहतूक नियंत्रक होतो, म्हणजे हातात माईक घेऊन 'सोलापूरला जाणारी गाडी फलाटावर लागली आहे' सांगणारा. माझा आवाज रोज ऐकून अत्तारशेठचे कान किटले होते, पण माणूस सरळ होता. गिऱ्हाइकाच्या गळ्यात काहीतरी मारायचं, हा त्याचा स्वभाव नव्हता.

"वहिनी, खरं सांगतो," तो म्हणाला. "केबलचं चित्र जसं येतं तसंच ह्यात दिसणार. मोठ्या पडद्यावर उलट जास्त फुटतं. त्यात खाटेपासून भिंत इतकी जवळ. बातम्या आणि सीरियलच बघायच्या असतील तर माझ्या मते तुम्ही ह्या भानगडीत पडू नका."

मला त्याला मिठी मारावीशी वाटली. "ऐकलंस?" मी मंदाला म्हणालो. "दुकानदार स्वतः सांगतोय."

"पण आम्हाला लग्नाचं शूटिंग बघायचंय," मंदा म्हणाली. "फोर-के का काय म्हणतात, त्यात केलंय."

"मग गोष्ट वेगळी," अत्तारशेठ म्हणाला आणि त्यानं भिंतीवरचा टीव्ही लावला. पडद्यावर एक म्हातारा कोळी होडीत बसला होता. त्याच्या गालावरची प्रत्येक सुरकुती वेगळी दिसत होती. भुवईचा केस न् केस दिसत होता. नाकाच्या शेंड्यावर घामाचा थेंब लोंबत होता आणि त्या थेंबात आभाळसुद्धा दिसत होतं.

"बघा," अत्तारशेठ म्हणाला. "असं शूटिंग असलं तर गर्दीतला माणूस ओळखता येतो. कुणाच्या मनात काय चाललंय तेही कळतं म्हणा ना."

"नको," मी म्हणालो. "म्हातारीच्या डोळ्यांना एवढं सोसायचं नाही. नुकतं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय." आणि मंदाला तिथंच ठेवून मी बाहेर पडलो.

आता सांगूनच टाकतो. मला तो टीव्ही नको होता, कारण त्या शूटिंगमध्ये मामा होता आणि तो मी नव्हतो.

आमच्यात मामाशिवाय नवरी बोहल्यावर येत नाही. मामानं तिला हाताला धरून आणायचं, अंतरपाटासमोर उभं करायचं आणि मंगलाष्टकं संपेपर्यंत तिच्या पाठीशी उभं राहायचं. एवढंच काम. पण त्या एवढ्याशा कामासाठी मी नवा कोट शिवला होता. निघताना आईच्या खाटेपाशी उभा राहून मी तो तिला दाखवला होता. ती बराच वेळ बघत राहिली होती आणि मग "नीट जा," एवढंच म्हणाली होती.

कार्यालयात फेटा बांधून मी नवरीच्या खोलीकडे निघालो, तेव्हा शैलाच्या नवऱ्यानं, भालचंद्ररावांनी मला जिन्यात गाठलं. ते पुण्यातल्या एका बिल्डरकडे मॅनेजर होते. बिल्डरचं नाव शितोळे. कार्यालय शितोळेसाहेबांचंच होतं, जेवणाचंही सगळं त्यांनी बघितलं होतं.

"दादा, तुम्हाला कल्पना असेलच," भालचंद्रराव म्हणाले. "साहेबांना सख्खी बहीण नाही. केतकीला ते भाचीच मानतात. मामाचा मान मला द्या म्हणाले. आता त्यांना नाही कसं म्हणणार?"

मला कसलीही कल्पना नव्हती. 'कल्पना असेलच' ही त्यांची बोलायची पद्धत असेल असं मला वाटलं.

"शैला काय म्हणाली?" मी विचारलं.

"तिची काहीच हरकत नाही," ते म्हणाले आणि खिशातला फोन वाजत नसताना कानाला लावून खाली निघून गेले.

मी मांडवात येऊन एका खांबाशी उभा राहिलो. माझ्यासारखाच फेटा बांधलेले शितोळेसाहेब नवरीच्या खोलीकडे गेले. तेवढ्यात माईकवरून पुकारा झाला, "मुलीचे मामा, मुलीला घेऊन या." आयुष्यभर मी माईकवरून लोकांना पुकारलं, गाडीला लोक धावताना बघितले. त्या पुकाऱ्यासरशी माझाही पाय नकळत पुढं पडला. मी खांब सोडून चार पावलं आलो आणि तिथंच थबकलो. आता मागं जावं तर लोक बघणार, उभं राहावं तर वाटेत आलेलो. फोटोग्राफरनं मला तसं घुटमळताना बघितलं. त्याचा मदतनीस जेवायला गेला होता.

"काका, मोकळेच आहात ना?" तो म्हणाला. "जरा हा लाइट धरा. साहेबांच्या तोंडावर राहू द्या."

मी धरला. मंगलाष्टकं संपेपर्यंत धरला. हातात काहीतरी काम आलं म्हणून त्या वेळी बरंसुद्धा वाटलं. सगळे नवरानवरीकडे बघताहेत, दिव्यामागच्या माणसाकडे कोण बघतंय, अशी मी मनाची समजूत घातली.

घरी आल्यावर मंदानं विचारलं, "बोहल्यावर आणताना रडली का हो केतकी?"

"रडली जरा," मी म्हणालो. झालं. त्या दोन शब्दांवर पुढचं सगळं उभं राहिलं. मंदानं गल्लीत सांगितलं, आमच्या ह्यांनी नवरी आणली, पोरगी मामाच्या खांद्यावर डोकं ठेवून रडली. खांद्यावर डोकं मी ठेवलं नव्हतं, ते मंदानं ठेवलं. आईनं जेवणात काय होतं ते विचारलं, नवऱ्या मुलाची उंची विचारली, शैलाची साडी विचारली. बोहल्याचं मात्र तिनं कधी काढलं नाही. मला आपलं बरंच वाटलं.

माझाही एक बेत होता. पेन ड्राइव्ह आला की स्टुडिओत जाऊन त्याची डीव्हीडी करायची आणि जुन्या टीव्हीवर लावायची. नमुन्यादाखल मी शेजारच्यांच्या लग्नाची डीव्हीडी लावूनही बघितली होती. आप्पांच्या त्या टीव्हीवर मांडवातली माणसं म्हणजे फेटे आणि फेट्यांखाली गव्हाळ डाग. शितोळेसाहेब माझ्याच चणीचे, कोटही काळाच. आईला नवरीच्या मागं एक डाग दिसला असता आणि तो तिच्या मुलाचा आहे हे तिनं आनंदानं मान्य केलं असतं. ह्याच्यापलीकडे मला काही नको होतं. शितोळेसाहेबांचा मला राग नव्हता, शैलाचाही फारसा नव्हता. आपला मुलगा सख्ख्या भाचीच्या लग्नात दिवा धरून उभा होता हे आईला कळू नये, इतकंच. तिनं मला नेहमी मान ताठ ठेवायला शिकवलं होतं.

पण आठवड्याच्या आत अत्तारशेठचाच टेम्पो दाराशी आला. शैलानं परस्पर फोन करून टीव्ही घेतला होता, आणि मंदाला ते माहीत होतं. मी आईकडे बघितलं. ती नको म्हणेल अशी एक वेडी आशा होती.

"येऊ दे," आई म्हणाली. "पोरीला तरी डोळं भरून बघते."

टीव्ही भिंतीवर लागला तेव्हा खोलीतलं बाकी सगळं एकदम जुनं दिसायला लागलं. शैलानं कुरियरनं पेन ड्राइव्हही पाठवला, आणि रविवारी दुपारी तो लावायचं ठरलं. मंदानं पोहे केले आणि शेजारच्या छबूबाईंना बोलावलं. छबूबाई येताना जाऊ आणि सून घेऊन आल्या. सतरंजीवर बायका, खाटेवर आई आणि दाराजवळच्या खुर्चीत मी. रिमोट मात्र माझ्याकडे. तो मी कुणाला देणार नव्हतो. बोहल्याचा भाग आला की पुढं पळवायचा, कुणी विचारलं तर नवीन यंत्र आहे, हात लागला म्हणून सांगायचं, असं ठरवून बसलो होतो.

हळदीचा भाग झाला. आई नातीकडे बघून रडली, हसली, परत रडली. चित्र खरोखरच अप्रतिम होतं. केतकीच्या पापणीवर हळदीचा कण होता तोसुद्धा दिसत होता.

"अगं बाई, अगदी हात लावावा वाटतोय," छबूबाई म्हणाल्या. "आता मामा येतील बघा."

सनईचा सूर बदलला. मी रिमोट सरसावला. त्याच वेळी आई म्हणाली, "दिगू, मला जरा ऊन पाणी आण बरं. घशाला कोरड पडली."

"मी आणते की," मंदा उठू लागली.

"त्यालाच जाऊ दे," आई म्हणाली. "तू बस. बघ."

मी उठलो नाही. उठलो असतो तर रिमोट कुणाच्या तरी हातात गेला असता. "थांब जरा, आणतो," म्हणालो आणि बटण दाबलं. काहीच झालं नाही. दुसरं दाबलं, आवाज वाढला. आई म्हणाली, "दिगू, पाणी." मांडव वरून दिसला, मग कॅमेरा खाली आला, आणि नवरीचा हात धरून येणारे शितोळेसाहेब पडद्यावर आले, हातातल्या अंगठ्यांसकट.

"हे कोण?" छबूबाई म्हणाल्या.

मी घाईनं तिसरं बटण दाबलं. चित्र जागच्या जागी थांबलं.

थांबायला त्याला नेमकी तीच जागा सापडली. दुसऱ्या कॅमेऱ्यानं बाजूनं घेतलेलं चित्र होतं ते. कडेला पाठमोरी नवरी आणि मधोमध, दोन्ही हातांनी दिव्याचा दांडा धरलेला मी. नव्या कोटाची घडी दिसत होती. फेट्याची गाठ सुटत आलेली दिसत होती. मी हसत होतो. म्हणजे तोंड हसत होतं. हनुवटी मात्र लहान पोरासारखी आवळून धरलेली होती आणि डोळे भरलेले होते. एका डोळ्यातून आलेलं पाणी मिशीपर्यंत पोचलं होतं. हात मोकळे नसल्यामुळे ते पुसता आलं नव्हतं. मी त्या वेळी रडलो होतो हे मला स्वतःलाच तोवर माहीत नव्हतं.

छबूबाईंची सून पडद्याकडे बघायची, मग माझ्याकडे, परत पडद्याकडे. मंदानं मान खाली घातली होती. गल्लीभर सांगितलेलं सगळं तिला त्या वेळी आठवत असणार. मी एकेक बटण दाबत होतो आणि माझा तो भिंतीएवढा चेहरा काही केल्या हलत नव्हता. मेल्याहून मेल्यासारखं होणं म्हणजे काय ते मला त्या दुपारी कळलं.

"लाइटवाला जेवायला गेला होता," मी म्हणालो. "म्हणून जरा वेळ धरला. नवरी नंतर मीच नेली. ते पुढं येईल."

"दिगू," आई म्हणाली.

"खरंच. साहेबांनी नुसतं खोलीतून बाहेर आणलं, मग मी..."

"गप बस," आई म्हणाली. मग ती छबूबाईंकडे वळली. "छबू, तो माझा ल्योक हाय. नवरीचा मामा तोच. त्याला बाजूला कुणी केलं, इच्यार मला."

"आई, कशाला?" मी म्हणालो.

"मी केलं," आई म्हणाली. "शैलीनं मला फोन केला होता, लग्नाच्या आदी. म्हणली, साहेबाचं मन मोडलं तर ह्यांची नोकरी जाईल. दादाला कसं सांगू? मी म्हणलं, तू नको सांगू, मी सांगते त्याला. माझा हाय तो, ऐकंल."

खुब्यामुळे तिला पुढं झुकता येत नसे. तशीच उशांना टेकून, पडद्यावरच्या माझ्या तोंडाकडे बघत ती म्हणाली, "मग हा कोट घालून माझ्याम्होरं उभा ऱ्हायला. बघ आई, बरा दिसतो का म्हणला. माझी जीभच उचलंना. म्हणलं, तिथं गेल्यावर ती दोघं सांगतील काय ते. हा मागं कुठं तरी पंगतीत बसंल, जेवंल, येईल. आल्यावर म्हणला पोरगी रडली. मी वळखलं. माझ्यासाठी बोलतोय हे कळत होतं, म्हणून म्याबी कधी इच्यारलं न्हाई. मघाशी पाणी आणायला धाडत होते, तेबी त्यासाठीच. पर तुला असं उभं केलं असंल, असं न्हाई रं वाटलं मला."

इतके महिने मी आईपासून लपवत होतो आणि आई माझ्यापासून. एका खोलीत, एका खाटेच्या अंतरावर. मला तिचा राग यायला हवा होता. आला नाही. मला तिची लाज वाटली, आणि आपल्याला आईची लाज वाटते आहे ह्याची त्याहून जास्त. चार बायकांच्या देखत तिनं ते बोलायला नको होतं. तो चेहरा तिनं बघायला नको होता. माझा नव्हे, आता मला तिचा चेहरा झाकावासा वाटत होता.

छबूबाई उठल्या. "पोहे छान झाले होते गं," असं मंदाला म्हणाल्या. ताटल्या तशाच भरलेल्या होत्या. तिघी चपला शोधून निघून गेल्या आणि मंदा ताटल्या गोळा करून आत गेली. रिमोटचा नाद सोडून मी भिंतीजवळ गेलो आणि बटण बंद केलं. पडदा काळा झाला. खोलीत एकदम पुष्कळ जागा झाल्यासारखी वाटली.

मी आईच्या खाटेवर कडेला बसलो. तिनं माझ्याकडे बघितलं नाही. भिंतीकडे तोंड करायचा तिनं प्रयत्न केला, पण खुब्यातून कळ आली तशी ती होती तिथंच राहिली. पदर डोळ्यांवर ओढून घेतला.

"असू दे गं आई," मी म्हणालो. "झालं ते झालं. असू दे."

पदराखालूनच ती म्हणाली, "असू दे म्हणू नगंस. तू असू दे म्हणतूस, म्हणूनच तर दर बारीला तुझ्याकडनं काढून घेतलं मी. कधी तरी न्हाई म्हणला असतास, तर मला लाज तरी वाटली असती मागायची."

पुन्हा तोच शब्द माझ्या तोंडाशी आला होता. मी तो गिळला. त्याच्याऐवजी काय म्हणायचं ते मला सुचलं नाही, आणि आई वाट बघत होती.